उंच जीप

"आणखी एक पाटा काढा, मिस्त्री," संपत म्हणाला.

कडूबा मिस्त्री जीपखालून अर्धा बाहेर आला. जुन्या जालन्यातल्या त्याच्या शेडमध्ये सकाळपासून हीच एक गाडी होती आणि तिच्या ड्रायव्हरनं त्याचं डोकं खाल्लं होतं.

"आता काढला तर गाडी पोट घासीत चालंल, भाऊ. स्प्रिंगच्या कमानीतले जास्तीचे पाटे काढले, मोठाले टायर काढले. कंपनीतून आल्ती तशी बराबर झाली. आणखी किती खाली पायजे तुला?"

"पडणार तर न्हाई ना?"

"उभी गाडी कशी पडंल?"

"चालतीचं इचारून राह्यलो मी."

मिस्त्री खो खो हसला. संपतला हसू आलं नाही.

जीप कुंभार पिंपळगावच्या काकासाहेबांची. नदीला पूल नव्हता तेव्हा पलीकडच्या मळ्यात जायचं म्हणजे पाणी आणि काळा चिखल तुडवत जावं लागे, म्हणून त्यांनी ती उंच करून घेतली होती. त्यात निम्मी गरज होती आणि निम्मी मिजास. पुढे पूल झाला, डांबर पडलं, गरज संपली. मिजास तेवढी राहिली. जीप उंटासारखी डुलत चाले, आत बसलेल्याची हाडं खिळखिळी होत, पण मालकांना वरून गावाची डोकी दिसत.

मागच्या दिवाळीनंतर हीच जीप पुलाच्या वळणावर कलंडली. उसाची बैलगाडी आडवी आली, संपतनं स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी कुशीवर गेली. संपतला थोडंसं खरचटलं, एवढंच. काकासाहेब म्हणाले, "गाडीच उंच, त्यो काय करंल?" गावानंही तीच री ओढली. पण संपतनं मागे वळून पाहिलं होतं. टपाचा पत्रा चेपून मागच्या बाकाला टेकला होता. मालकांच्या दोन्ही नाती त्याच बाकावरून नुकत्याच शाळेपाशी उतरल्या होत्या.

तेव्हापासून संपत भीत होता. रिकामी गाडी चालवताना काही वाटत नसे. मागे माणूस बसलं की तळहाताला घाम सुटे आणि वळण दिसलं की पाय आपोआप ब्रेकवर जाई. उभा जन्म स्टिअरिंगवर गेलेल्या माणसानं हे सांगायचं कोणाला? बायकोला, कांताबाईलाही त्यानं सांगितलं नाही. मालकांना त्यानं वेगळंच सांगितलं. "मायचे गुडघे गेले. त्यांना चढता येईना. गाडी खाली आणू." माय म्हणजे मालकांची आई, गोजरबाई. आईचं नाव निघाल्यावर काकासाहेब नाही कसं म्हणणार? संपतला वाटलं होतं, गाडी ठेंगणी झाली की भीतीही जाईल.

निघताना मिस्त्रीनं त्याच्या हातात पाना दिला. "नवं काम हाय. थोडी चालली की पाट्याचे बोल्ट कसून घे. एकदाच."

गोजरबाई दवाखाना आटपून जालन्यातल्याच लेकीकडे बसल्या होत्या. त्यांना जीपमध्ये चढवायचं म्हणजे स्टूल लागे आणि दोन माणसं लागत. आज त्यांनी पाय उचलला आणि सरळ मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

"अगं बया! ही तर आपल्या बैलगाडीपरीस ठेंगणी झाली!" त्या लहान पोरीसारख्या खूश झाल्या आणि बाकावर पाय लांब केले.

जीप खरंच सुधारली होती. खड्डा आला तरी नुसती मान डोलवल्यासारखी पुढे जाई. गोजरबाईंना डुलकी लागली. पुढे संपतचे हात मात्र स्टिअरिंगवरून घसरत होते. अंबडच्या अलीकडे त्यानं गाडी थांबवली, खाली शिरून पाना लावला. बोल्ट हलला नाही. अंबड सुटल्यावर तो पुन्हा थांबला. मग दिसेल त्या झाडाखाली थांबू लागला.

"काय करून राह्यलास रे?" गोजरबाईंनी विचारलं.

"बोल्ट कसून राह्यलो, माय."

"ढिले झाले का?"

"न्हाई."

"मंग?"

संपतनं गाडी सुरू केली.

ऊन कलताना पुलाचं वळण दिसलं. संपत थांबला, पाना घेऊन जीपखाली गेला आणि बाहेर आलाच नाही. बोल्ट घट्ट होते. तरी तो पाना लावत राहिला.

"संपत, भाईर ये."

"माय, मला भेव वाटून राह्यलं." समोर मायचं तोंड दिसत नव्हतं, म्हणून असेल, पण ते निघून गेलं तोंडातून. "मागं कोणी बसलं की त्या पोरीच दिसतात. गाडीचं काई न्हाई. तुमच्या गुडघ्याचं म्या निमित्त केलं."

वर बाक करकरला. मग त्याला गोजरबाईंचे सुजलेले पाय जमिनीवर टेकताना दिसले.

"रिकामी येती ना चालवायला?"

"येती."

"मंग आण माझ्या मागून."

आणि त्या चालू लागल्या. एक हात गुडघ्यावर, एक पुलाच्या कठड्यावर. दर पावलाला अंग एका बाजूला झुकत होतं. मागून संपत पहिल्या गिअरमध्ये, डोळे पुसत जीप आणत होता. त्याला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पलीकडे त्या दगडावर टेकल्या, दम घेतला आणि आपल्या आपण गाडीत चढल्या. "मी कोणाला सांगत न्हाई. दर खेपेला इथं उतरत जाईन. त्यात काय?"

घरी काकासाहेब जीपभोवती फिरले. "कशी काय चालती, माय?"

"लोण्यावानी," म्हणून गोजरबाई भिंत धरून आत गेल्या. त्यांना उंबरा ओलांडता येत नव्हता. संपतनं ते पाहिलं.

"मालक," तो म्हणाला, "मला भेव वाटतं. माणसं बसवून मला आता गाडी चालवता येत न्हाई."

काकासाहेब हसले, मग त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "मंग येवढा खर्चा कशापायी केला?"

"मायच्या गुडघ्यापायी," संपत म्हणाला. आता ते खोटं राहिलं नव्हतं.

त्यानं चावी पुढे केली. काकासाहेबांनी ती घेतली. "मळ्यात येत जा उद्यापासून," ते म्हणाले. "पाणी द्यायला माणूस लागतोच."

पुढल्या दवाखान्याच्या दिवशी संपत नदीकाठच्या मळ्यात गव्हाला पाणी देत होता. काकासाहेब स्वतः जीप चालवत आले. मागच्या बाकावर गोजरबाई पाय लांब करून बसल्या होत्या. वळणावर जीप थांबली नाही. संपतच्या तळहाताला घाम सुटला. जीप पूल ओलांडून पुढे दिसेनाशी होईपर्यंत तो श्वास धरून उभा राहिला. मग त्यानं खाली पाहिलं. वाफा केव्हाच फुटला होता आणि पाणी त्याच्या घोट्यापर्यंत आलं होतं. त्यानं फावडं उचललं.