बुधाजीचा करणपोपट

लोअर परळच्या त्या चाळीत बुधाजीला सगळे खुळा म्हणत, आणि खोटं कशाला बोला, थोडा तो होताच. दिवसभर गिरणीत साच्यावर उभा राहिलेला माणूस घरी येतो, पाठ टेकतो. हा गडी पाळी सुटली की गिरणीच्या भिंतीमागच्या वठलेल्या ताडाखाली जाऊन उभा! त्या ताडाच्या ढोलीत करणपोपटाची जोडी होती. करणपोपट म्हणजे साध्या राघूहून मोठा, खांद्यावर लाल डाग. पूर्वी परळात त्यांचे थवेच्या थवे यायचे. लोकांनी पिल्लं काढून काढून बाजारात विकली, आणि आता ही एवढीच जोडी उरली होती. बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यापासून बुधाजीच्या मनानं घेतलं होतं, ही जात इथून संपू द्यायची नाही.

त्या साली ढोलीत हात घालणाऱ्या एका चोराच्या तो असा मागं लागला की मेला टोपली टाकून पळाला. टोपलीतलं एकच पिल्लू जगलं. परत ढोलीत ठेवावं तर चोर पुन्हा येणार. मग बुधाजीनं ते गॅलरीत वाढवायला घेतलं. पंख फुटले की ताडावर सोडायचं, असा बेत.

"त्याच्याशी कुणी एक अक्षर बोलायचं नाय," त्यानं अख्ख्या मजल्याला बजावलं. गेल्या साली लाडानं बोलतं केलेलं एक पाखरू त्यानं सोडलं होतं. ते सरळ हाटेलात जाऊन एकाच्या खांद्यावर बसलं, 'या बसा' म्हणालं, आणि पंख छाटून पिंजऱ्यात गेलं. तेव्हापासून बुधाजीनं कानाला खडा लावला होता.

"सुतक पाळतोस काय रे पाखराचं?" शेजारचा रामदास चिडवायचा. रामदास संयुक्त महाराष्ट्र समितीचा कार्यकर्ता, तोंड बंद ठेवणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. पण चाळ भली. बायका त्या टोपलीपाशी आल्या की गप्प व्हायच्या. भांडणंसुद्धा जिन्यात जाऊन व्हायची.

एके सकाळी बुधाजीची बायको कांता पेरूची फोड घेऊन टोपलीपाशी गेली, आणि आतून घोगरा आवाज आला, "झालाच पाहिजे!"

चाळ नुसती नाचली. बुधाजी मात्र पांढराफटक पडला. "कोण बोललं ह्याच्याशी? नाव सांगा!"

"तूच की रे!" रामदास पोट धरून हसत म्हणाला. "आवाज ओळख ना. सभेच्या आधी गॅलरीत उभा राहून 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' कोण ओरडतो?"

खरंच होतं ते. नाक्यावर घोषणा द्यायचा मान बुधाजीचा, असला पहाडी गळा उभ्या गिरणगावात नव्हता. दुसऱ्यांच्या तोंडाला कुलूप लावणाऱ्या ह्या शहाण्याला घोषणा म्हणजेही बोलणंच, हे कधी सुचलंच नव्हतं. घोषणा त्याला श्वासासारखी झाली होती, आणि श्वास कोण मोजतो?

"मोर्चाच्या पुढं हातगाडीवर पिंजरा ठेवू," रामदास म्हणाला. "लोक वेडे होतील!"

"पाखरू मिळणार नाय."

"मग महाराष्ट्र नको काय तुला?"

बुधाजीच्या काळजाला ते लागलं. नको कसा? मोर्चावरच्या गोळीबारात त्याच्या शेजारच्या साच्यावरचा माणूस गेला होता. पण ह्या जिवाला पिंजऱ्यात घालायला त्याचा हात उठेना.

पंखात बळ आलं तसं त्यानं पाखरू ताडावर सोडलं. जोडीनं त्याला जवळ केलं. बुधाजीला हायसं वाटलं, तेही दोनच दिवस. भिंतीपलीकडून मोर्चा निघाला, घोषणा उठली, आणि पाखरू सुर्रकन उतरून एका परक्याच्या खांद्यावर बसलं. बुधाजी धावत गेला, अक्षरशः हिसकावून आणलं आणि परत ताडावर सोडलं. आता कुठं कुठं पुरा पडणार तो? अख्खी मुंबई तेच ओरडत होती. बाहेर घोषणा ऐकू आली की तो ताटावरून उठायचा, पाळीवर त्याचे धागे तुटायचे.

"गुजरातेत नेऊन सोडा," कांता वैतागून म्हणाली. "तिथं कोण म्हणतंय झालाच पाहिजे?"

बुधाजी हसला नाही. संध्याकाळी ताडाखाली गेला, छाती भरून घोषणा दिली. पाखरू लगेच त्याच्याकडे झेपावलं. त्यानं मातीचं ढेकूळ उचललं आणि मारलं. पाखरू गोंधळून वर गेलं. पुन्हा घोषणा. पुन्हा ते आलं, येणारच, त्याच्याच हातून चणाडाळ खाऊन वाढलेलं. पुन्हा ढेकूळ. एक पंखाला लागलं तेव्हा बुधाजी मटकन खाली बसला आणि रडला. दुसऱ्या दिवशी मात्र परत गेला.

रामदासनं ते पाहिलं आणि त्याची कॉलर धरली. "महाराष्ट्राचं नाव घेऊन मुक्या जिवाला मारतोस? गद्दार!" बुधाजीनं सांगायचा प्रयत्न केला, पण ऐकतो कोण! नाक्यावरचा घोषणेचा मान त्याच्याकडून गेला.

पुढं एक मोठा मोर्चा त्याच वाटेनं आला. हजार गळ्यांतून घोषणा उठली, आणि ताडावरून तीन करणपोपट उडाले ते गोदामांवरून कॉटन ग्रीनकडे दिसेनासे झाले. एकही खाली उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी पाखरं ताडावर परतली होती. बुधाजी कांताला घेऊन गेला. काही न बोलता त्यानं पेरूची फोड वर धरली. खांद्यावरचा डाग नुकता लाल व्हायला लागलेलं ते पाखरू मान वाकडी करून त्याच्याकडे बघत राहिलं, आणि एकदम किंचाळून उडालं.

"तुम्हाला ओळखलं नाय वाटतं त्यानं," कांता हळू आवाजात म्हणाली.

"ओळखलं," बुधाजी म्हणाला. "म्हणून तर पळालं."