सुयांतून सुटलेले इलेक्ट्रॉन

अंधेरीच्या एका कॉलेजात रुचिरा पीएचडी करत होती. सिलिकॉन या अर्धवाहकापासून तिने केसाहून कितीतरी बारीक सुया बनवल्या होत्या. त्यांच्यावर लेझरचा प्रकाश पडला की टोकांतून इलेक्ट्रॉन बाहेर उडायला हवे होते. पण वर्षभर ते मोजणारा मीटर शून्यावरून हलला नव्हता.

त्या दुपारी तिने नव्या, अधिक टोकदार सुया निर्वात नळीत बसवल्या आणि लेझर लावला. मीटरवरचा आकडा सरसर चढू लागला.

"सुयोग, लवकर ये रे!" ती ओरडली.

शेजारच्या टेबलावर काम करणारा सुयोग धावत आला. "झकास! पण यार, लेझरने सुया तापतात, हा नुसत्या उष्णतेचा खेळ असेल तर?"

रुचिराने लेझरच्या बटणाकडे हात नेला. "मग बघूच. लेझर बंद करते आणि सुया हीटरवर तापवते."

सुया लेझरने तापल्या असत्या त्याहून जास्त तापल्या, तरी मीटर ढिम्म. मग तिने सुया थंड होऊ दिल्या आणि पुन्हा लेझर लावला. आकडा उसळला!

"प्रकाशानेच निघतायत!" रुचिराने सुयोगला गदागदा हलवलं.

आरडाओरडा ऐकून तिच्या मार्गदर्शक शर्मिष्ठा मॅडम आत आल्या. सगळं ऐकल्यावर त्यांनी स्वतः बटण दाबलं, बंद केलं, परत दाबलं. दर वेळी आकडा उडी घेई आणि मॅडम खुदकन हसत.

"मॅडम, आता मला द्या ना," रुचिरा म्हणाली.

"थांब गं, अजून एकदाच!"