कोपऱ्यातलं काम

बाकावर बसायला एक वेगळं शरीर लागतं, ते देवाने मला दिलेलं नाही. माझा पाय हलतो. आधी उजवा, मग डावा, मग दोन्ही. शेजारी बसलेली राखीव गोलकीपर म्हणते, "ताई, अगं भूकंप झाल्यासारखं वाटतंय, जरा थांब ना." मग मी उठते, रेषेच्या कडेने धावून येते, गुडघे ताणते, परत येऊन बसते. की परत पाय सुरू.

त्या दिवशी मध्यंतर व्हायच्या आत माझा टी-शर्ट घामाने भिजला होता, आणि मैदानात मी पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं.

सामना साधासुधा नव्हता. जिंकलो तर आमचा महिला संघ पहिल्यांदाच विश्वचषकाला जाणार होता. बरोबरी झाली तरी घरी. या विश्वचषकाच्या दारापर्यंत मी आजवर कितीदा तरी गेले आणि प्रत्येक वेळी दार नाकावर आपटलं. मी म्हणजे तोफ. नाव पेपरवाल्यांनी ठेवलेलं. देशासाठी सगळ्यात जास्त गोल माझे आहेत, हे मी माझ्या तोंडाने सांगत नाही, स्टेडियमच्या बाहेरच्या भिंतीवर माझ्या चित्रासकट रंगवलंय. आता तोफ पस्तिशीपार गेली, गुडघ्यात पाणी होतं, आणि तेच पेपरवाले ‘तोफ थंडावली’ असं छापतात. मेले!

आमची कोच माझ्याहून थोडीशीच मोठी. एकेकाळी आम्ही एकाच संघात होतो. मी खेळायची आणि ती बाकावर बसायची. तिचा पाय कधी हललेला मला आठवत नाही.

सकाळी हॉटेलात नाश्त्याच्या टेबलावर ती माझ्यासमोर येऊन बसली. "शेवटचा थोडा वेळ तुला देणार," ती म्हणाली. "आपण पुढे असलो तर."

"आणि मागे असलो तर?"

"तर चिमणीच खेळेल."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे गोल हवा असेल तेव्हा मी नको, आणि गोल झालेला असेल तेव्हा मी हवी! "मग मी येऊन करू काय? टाळ्या वाजवू?"

"बॉल घेऊन कोपऱ्यात जायचं. झेंड्यापाशी. सगळ्यांकडे पाठ करायची आणि बॉल पायाशी लपवून उभं राहायचं. वेळ जाऊ द्यायचा. तुझ्यासारखं अंग घालून बॉल राखणारं माझ्याकडे दुसरं कुणी नाही."

"वेळकाढूपणा."

"हो," ती म्हणाली. तिला लाज कशी ती नाहीच.

"आणि जिंकलो तर? विश्वचषकाला मी आहे ना?"

तिने चहाचा कप फिरवला. "ते आज नाही सांगत. खोटं बोलायचं नाहीये मला."

बास. त्याच क्षणी मी मनाशी पक्कं केलं. एक गोल. आजच्या सामन्यात, भरल्या स्टेडियममध्ये एक गोल मारायचा, मग बघू कोण मला वगळतं ते. कोपऱ्यात काय, उद्या म्हणेल कपाटात उभी राहा.

चिमणी म्हणजे आमची नवी पुढची खेळाडू. वीस वर्षांची, काडीसारखी, सारखं काहीतरी खात असणारी. लहानपणी तिच्या खोलीत माझं पोस्टर होतं म्हणे. हे तिने मला मोठ्या प्रेमाने सांगितलं तेव्हा खूश व्हावं की म्हातारीसारखी हातात काठी घ्यावी तेच कळेना. दौऱ्यावर ती माझ्याच खोलीत असते. झोपेतसुद्धा पाय झाडते. त्या बाबतीत पोरगी माझ्या वळणावर गेलीय.

उत्तरार्धात तिनेच गोल मारला. दोघींच्या मधून घुसली आणि पडता पडता बॉल आत ढकलला. मी बाकावरून उडी मारून ओरडले, बाटली फेकली, राखीव गोलकीपरला घट्ट मिठी मारली. खोटं कशाला बोलू? आनंद झाला आणि जळफळाटही झाला. माणसाला दोन्ही एकदम होतं.

मग कोचने माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली.

मधल्या फळीतल्या एकीच्या जागी मी रेषेवर उभी राहिले तशी लोकांनी स्टेडियम डोक्यावर घेतलं. "तोफ! तोफ!" अंगावर काटा आला. कुठला कोपरा आणि कसलं काय! पहिलाच बॉल माझ्याकडे आला, कोच कडेवरून "कोपरा! कोपरा!" म्हणून ओरडत होती, मला सगळं ऐकू येत होतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी वळले, गोल दिसला, आणि ठेवून दिला.

बॉल गोलवरून थेट प्रेक्षकांत गेला.

त्यांच्या गोलकीपरने पुढच्या बॉलला वेळच घालवला नाही. लांब लाथ मारली, आमच्या मुली पुढे आलेल्या, मागे सगळं मोकळं. त्यांच्या एकीने पळत जाऊन सणसणीत मारला. खांबावर आपटल्याचा आवाज मला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. बॉल परत आला आणि आमच्या कुणीतरी तो बाहेर भिरकावला म्हणून वाचलो.

चिमणी तिकडून धावत थेट माझ्यापर्यंत आली. "ताई, काय करतेस तू! कोपऱ्यात जा ना! आम्हाला जायचंय गं तिकडे!"

सगळ्या स्टेडियमसमोर! माझ्या तोंडावर असं बोलायची आजवर कुणा पोरीची हिंमत झाली नव्हती. चांगली फैलावर घ्यायला मी तोंड उघडलंही. पण ती रडत होती. नाक वाहत होतं आणि तिला त्याचं भानही नव्हतं. मी तोंड मिटलं.

शेवटच्या मिनिटांत बॉल परत माझ्याकडे आला. तिनेच दिला, एवढं बोलून झाल्यावरही. मला अडवायला आलेली घसरून पडली आणि समोर राहिली फक्त गोलकीपर. लोक उभे राहिले. "मार! मार!" पूर्वी मी डोळे मिटून मारला असता. आताची मी, तिरक्या जागेवरून, या गुडघ्याने? आत जाईल की नाही, माझं मलाच सांगता येईना. नाही गेला तर तीच लांब लाथ, तोच खांब, आणि खांब काय दरवेळी आपल्या बाजूने असतो?

मी गोलकडे पाठ केली आणि कोपऱ्याकडे निघाले.

शिट्ट्या सुरू झाल्या. आमच्याच लोकांच्या. झेंड्यापाशी जाऊन मी बॉल पायाशी घेतला, ढुंगण मागे काढलं आणि उभी राहिले. त्यांच्या दोघी मागून तुटून पडल्या. टाचेवर लाथ, पोटरीवर लाथ, बरगडीत कोपर. झेंड्याची काठी कानात जात होती. जन्मभर ज्या दिशेला धावले, तिकडे पाठ, आणि समोर काय तर पांढरी रेषा नि एक चेपलेली पाण्याची बाटली. बॉल त्यांच्या पायाला लागून बाहेर गेला, चिमणीने थ्रो करून परत मलाच दिला. पुन्हा लाथा. पुन्हा बाहेर, पुन्हा मलाच. शिव्या मी मनातल्या मनात घातल्या, सगळ्यांना, कोचला जरा जास्त.

शिट्टी वाजली तरी मी बॉल सोडला नव्हता. चिमणी येऊन अंगावर आदळली आणि आम्ही दोघी झेंड्यासकट आडव्या झालो. जिंकलो होतो. मी ओक्साबोक्शी रडले. कशासाठी ते विचारू नका, बऱ्याच गोष्टी होत्या.

बाहेर आई उभी होती. माझा एकही सामना तिने चुकवलेला नाही आणि खेळाचा एकही नियम तिला माहीत नाही. "काय गं, शिक्षा केल्यासारखी कोपऱ्यात तोंड घालून का उभी होतीस? त्या भवान्या लाथा मारत होत्या, तू एक तरी ठेवून द्यायचीस!"

"काम होतं, आई."

"असलं कसलं काम? बाहेर भिंतीवर चित्र कुणाचं आणि उभं कुठे केलंय!"

मला हसू आलं.

बसमध्ये चढताना कोचने मला बाजूला घेतलं. "उद्या सकाळी चिमणीला मैदानावर घेऊन ये. हे कोपऱ्याचं तिला शिकव. तिथे लागेल."

तिथे. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. "म्हणजे तिथे मी नाही."

मी समोरची बादली लाथेने उडवली. गुडघ्यातून कळ गेली ती गेलीच. "बाकावर बसून बसून दगड झालीयस तू," मी म्हटलं.

"असेन," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "तुझ्यामुळेच तर बसले इतकी वर्षं. मी काय मागतेय ते मला कळतंय गं."

रात्रभर मी चिमणीसारखे पाय झाडले. नाही जाणार, म्हटलं. गेली उडत.

सकाळी मैदानावर गवत ओलं होतं. चिमणी केळं खात जांभया देत होती. मी तिला झेंड्यापाशी उभं केलं, बॉल दिला आणि मागून टाचेवर ठेवून दिली. ती कोलमडली. उठवली, पुन्हा पाडली.

"ताई, लागतंय!"

"त्या काय कुरवाळणार आहेत? वाक. अजून. बूड मागे."

तिसऱ्यांदा पडल्यावर ती बसूनच राहिली. "पण तू असशीलच की तिथे. हे तूच करशील. मग मी कशाला शिकू?"

मी खाली पाहिलं. उभ्या उभ्या माझा पाय हलत होता.

"ऊठ," मी म्हटलं. "पाठ कर माझ्याकडे. आणि गोलकडे बघायचं नाही. मान वळली की बॉल गेला समज."

ती उठली, वाकली, बॉल पायाशी घेतला. मी तिच्या पाठीत कोपर घातलं. टाचेवर मारलं. मग खांदा लावून ढकललं, सगळं अंग घालून ढकललं, पायात होता नव्हता तेवढा जोर लावून ढकललं.

पोरगी हलली नाही.