राजकुमारच्या वळणावरचा झेंडा

आमच्या घरच्या माणसाशिवाय त्या वळणावर लाल झेंडा कुणी धरायचा नाय, हा पडेगावच्या ट्रॅकचा रिवाज. माझा नवरा राजकुमार तिथंच गेला. टुरिस्टांना दौलताबादला नेणारा जीपवाला, पण अप्पारावांच्या मुरमाड माळावर रविवारी शर्यती खेळायचा नाद सगळ्या ड्रायव्हरांना त्यानंच लावला. एकदा नूरमोहम्मदभाईंची जीप वळणावर उलटली. हा बाबा स्वतःची जीप मधेच थांबवून त्यांना ओढायला उतरला, अन् धुळीत मागून येणाऱ्याला तो दिसलाच नाय. तेव्हा तिथं झेंडा नव्हता. नूरभाई वाचले. पुढं त्यांनीच हातानं पाटी रंगवली, राजकुमार सर्किट. आता तिकीट लावून रेस होतात, पाटी तीच आहे.

लोक म्हणतात, तुम्हाला लई अभिमान वाटत असंल. खोटं कशाला बोलू, मला राग येतो. माणूस गेल्यावर पाटी काय चाटायचीय?

अन् त्या दिवशी माझी विशाखा पहिल्यांदा फायनलला होती. जीप बापाचीच, इंजिन तेवढं नवं. मागच्या रेसला धूळ उडाली अन् घाबरून मी झेंडा वर केला होता. धुळीत काहीच नव्हतं. रेस थांबली, पुढं असलेल्या विशाखाच्या हातातोंडाशी आलेला घास गेला. रेस भरवणाऱ्या अप्पारावांनी बजावलं, वहिनी, पुन्हा असं झालं तर झेंडा दुसऱ्याच्या हातात देईन, मग रिवाज गेला खड्ड्यात. त्यांचंही काही चुकलं नव्हतं. विशाखा तर कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाय. फायनलला हेल्मेट घालताना एवढंच म्हणाली,

"मम्मी, धूळ उडाली की तुला पप्पा दिसतात. आज मी दिसू दे."

मी व्हय म्हणाले.

सकाळी टँकरनं पाणी मारलं होतं, पण दुपारपर्यंत माळ पुन्हा कोरडा ठाक. शेवटच्या फेरीला पुढं हारिस नावाचा एक ड्रायव्हर, त्याला चिकटून विशाखा, बाकीच्या जीपा बऱ्याच मागं. दोघं वळणात शिरले अन् धूळ अशी उठली की पुढचा पट्टाही दिसेना. त्या धुळीतनंच ते निघून गेले असतील, मी मनाला सांगितलं. वॉकीटॉकीवर अप्पाराव म्हणाले, वहिनी, झेंडा खाली ठेवा, नुसती धूळ आहे.

मागच्या जीपांचा आवाज जवळ यायला लागला. माझा हात झेंड्याच्या काठीवर, पण उचलेना. उचलला अन् आतमध्ये काही नसलं, तर आज पोरीची रेसही गेली अन् पोरगीही गेली. ती मला कधीच माफ करणार नाय. नूरभाई दर रेसला माझ्या शेजारी उभे असतात. ते हळूच म्हणाले,

"भाभी, आवाज सिर्फ पीछे से आ रही है."

खरंच, पुढनं एकाही इंजिनाचा आवाज नव्हता. मी झेंडा वर केला. दोन्ही हातांनी केला. अप्पाराव वॉकीटॉकीवर तावातावानं बोलत होते, ती मी फेकून दिली. मागच्यांनी करकचून ब्रेक दाबले, पहिली जीप घसरत माझ्यासमोर आडवी होऊन थांबली.

धूळ बसली तेव्हा हारिसची जीप उलटी पडलेली होती. राजकुमारची जीप ट्रॅकच्या मधोमध उभी होती, आत कुणी नव्हतं. विशाखा हारिसपाशी गुडघे टेकून त्याचा सीटबेल्ट कापत होती, अन् तिची पाठ मागनं येणाऱ्या जीपांकडं.

मी पळत गेले. हारिस शुद्धीवर होता, बोलत होता. त्याला बाहेर काढेपर्यंत मी दम धरला. मग विशाखाला उभी केली अन् पाठीत असा धपाटा घातला की माझाच हात झिणझिणला.

"तुझ्या बापानं हेच केलं होतं, ठाऊक नव्हतं का गं तुला?"

"ठाऊक होतं की," ती म्हणाली. "पण तेव्हा झेंड्यापाशी तू नव्हतीस."

मी तिथंच मुरमात बसले अन् तिला कुशीत ओढून रडले.