काकांच्या नावावरची धाप

हृदयरोग विभागाच्या त्या पत्राला काकांनी उत्तर दिलंच नव्हतं. दमलेल्या हृदयात रक्त कसं फिरतं, इंधन काय जळतं, यात बाई आणि पुरुष असा फरक असतो का, याचा तिथं अभ्यास चालला होता. काका तिथले जुने रुग्ण, तेव्हा जोडीनं याल का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं. काकांचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला. त्यांनी उत्तराचे मसुदे केले, खोडले, पुन्हा केले. 'आम्ही आनंदाने येऊ' यात आनंद जरा जास्तच होत होता. मूळ पत्रातल्या चुकांवर मात्र लाल खुणा करून झाल्या.

"अहो, ते तपासायला नव्हतं पाठवलं," काकू म्हणाल्या. "आणि माझं हृदय कशाला बघायचंय? आजारी तुम्ही."

घरात हे ठरूनच गेलं होतं. गोळ्या काकांच्या, कमी मिठाचं जेवण काकांसाठी आणि संध्याकाळचा फेरफटकाही त्यांच्यासाठीच. चढावर काकू मध्येच त्यांचा दंड धरायच्या. "टेका जरा. कुठं आग लागलीय?" काका मुकाट्यानं टेकायचे. बायको आपल्याला किती जपते, असं वाटून संकोचायचेही.

एका संध्याकाळी काकांना अगदी हलकं वाटत होतं. नवी गोळी मानवली होती. "आज नाही टेकायचं. चल!" म्हणत ते पुढे निघाले. मागून पावलं वाजेनात. वळून बघतात तर काकू कठड्याला धरून उभ्या. तोंड पांढरंफटक.

"अगं, काय होतंय?"

"काही नाही. तुमच्यासाठी... थांबलेय."

"मी तर पुढे आहे!"

काकू हसायला गेल्या, पण तेवढाही श्वास पुरेना. काका झपाट्यानं मागे आले. एवढे दिवस थांबत होत्या त्या स्वतःसाठी; खपत होतं काकांच्या नावावर.

"बोलली का नाहीस?"

"दोघांनी अंथरूण धरलं तर स्वयंपाक कोण करणार? तुम्ही? मिठाच्या डब्यालासुद्धा शुद्धिपत्र जोडाल."

दुसऱ्याच दिवशी काकूंची तपासणी झाली.

"काकांच्या हृदयाचा जोर कमी पडतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काकूंचा जोर चांगला आहे."

"बघा! मी म्हटलं नव्हतं?"

"थांबा काकू. जोर आहे, पण ते नीट सैल होत नाही, म्हणून पुरेसं भरत नाही. चढावर हृदयाला जास्त रक्त लागतं. बारीक रक्तवाहिन्यांतून तेही मिळत नसावं. बायकांमध्ये हे जास्त दिसतं. इंधनाचंही तसंच. बायकांचं हृदय चरबीवर जास्त चालतं, पुरुषांचं साखर जास्त वापरतं, असं दिसतंय. पण हृदय दमल्यावर पुढे काय होतं, ते कळायला बायका यायला हव्यात ना! त्या नवऱ्याला आत पाठवतात आणि बाहेर पिशवी सांभाळत बसतात."

काकूंनी मांडीवरची पिशवी हळूच खाली ठेवली.

"हिला औषध आहे ना?" काकांनी विचारलं.

"आहे. आजच सुरू करू. चालणंही वाढवू, बेताबेतानं. काकूंना बरं वाटेल. अभ्यासात आलात तर रक्त नेमकं कुठं अडतं, तेही बघता येईल. पण जागा भरत आल्यात, काका. तुमच्या उत्तराची वाट बघून डोळे शिणले माझे. दोघांच्या सह्या हव्यात."

घरी काका कागद घेऊन बसले.

"'आम्ही उभयता' कसं वाटतं? की 'सपत्नीक'? तुझं नाव खाली गेल्यासारखं वाटेल का?"

"ते ठरेपर्यंत मी टिकायला हवी ना! लिहा: येतो. दोघंही."

काकांनी तेवढंच लिहिलं. काकूंनी त्यांच्याआधी सही ठोकली, चांगली ऐसपैस. काकांना कोपऱ्यात जागा उरली.

टपालपेटीशी काकांचा हात घुटमळला.

"तारीख घातली का गं मी?"

काकूंनी त्यांच्या कोपराला हलकाच धक्का दिला. पत्र आत पडलं.