इंजिनातले टाळ

नांदुऱ्याच्या गॅरेजात कडूबा मिस्त्रींनी गुलाबरावांच्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, घासून पातळ केलं होतं. त्यानं इंजिनाची ताकद वाढली होती, आणि मद्रासची शर्यत चार दिवसांवर आली होती.

गुलाबरावांनी रेस दिली. कडूबांनी लांब पेचकस इंजिनाला टेकवून मूठ कानाशी धरली. आत टाळ वाजत होते. कीर्तनात असा अर्धी मात्रा आधी टाळ मारायचा तो त्यांचा धाकटा भाऊ रंगराव. मागच्या साली कडूबांनीच हेड घासलेली गाडी पळवताना इंजिन जाम झालं, गाडी उलटली आणि रंगराव गेला.

"काऊन मिस्त्री, देव दिसला काय?"

"इंजिन ठोकून राह्यलं, शर्यतीत जाम होईन. हेडखाली जाड गॅस्केट टाकतो. ताकद उतरन."

"मंग मी हारीन ना हो!"

"हाव, हारसान. पण घरी यासान."

"द्या इकडं! लय कानाचे शहाणे तुम्ही!" गुलाबरावांनी पेचकस हिसकून कानाला लावला. कडूबांनी रेस दिली. गुलाबरावांनाही टाळ ऐकू आले.

"मिस्त्री, आत कोण हाये?"

"भाऊ हाये माह्या," म्हणत कडूबांनी इंजिन बंद केलं.

गुलाबरावांनी हेड खोलायचा पाना त्यांच्या हाती दिला.