लिफ्टमामांची पेटी

"काच पुसायला फडकं देऊ का, मामी?" वॉचमनने विचारलं. मी बराच वेळ पेटीसमोर उभी होते. त्याला वाटलं, मला काच मळलेली दिसतेय.

काच मळलेलीच होती. बोटांचे तेलकट ठसे, कडेने चहाचा वाळलेला ओघळ आणि आत तळाशी एक झुरळ उताणं मरून पडलेलं. पण मी बघत होते ते झुरळाच्या वर. पेटीत आमचे हे होते. म्हणजे ह्यांचा फोटो, सोनेरी चौकटीतला, दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचे गुलाब. आणि पेटीच्या कपाळावर लाल अक्षरांत लिहिलेलं, 'हृदय बंद पडल्यास दार उघडा.'

"यातलं यंत्र कुठे गेलं?" मी विचारलं.

"मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये. फोटो आत ठेवल्यावर ते मावेचना. आडवं करून बघितलं, उभं करून बघितलं. मग साहेब म्हणाले, राहू दे वरच."

"आणि खाली कुणाला गरज पडली तर?"

"असं काय रोज रोज कुणी पडतंय का, मामी," तो बोलून गेला. मग आपण कुणाशी बोलतोय हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो आपल्या बुटांकडे बघायला लागला.

मी त्या कचेरीत वर्षातून एकदा जाते, अजून जिवंत आहे हे दाखवायला. तेवढं दाखवलं की ह्यांची पेन्शन पुढे चालू राहते. आमचे हे तिथे लिफ्टमन होते. सगळी कचेरी त्यांना लिफ्टमामा म्हणायची, म्हणून मी मामी. लग्न होऊन आले तेव्हा लिफ्टला लोखंडी जाळीची दोन दारं होती आणि एक पितळी दांडा. तो दांडा हे इतका घासायचे की त्यात तोंड दिसायचं. एका सुट्टीच्या दुपारी ह्यांनी मला त्या लिफ्टमधून खालपासून वरपर्यंत नेलं, परत खाली आणलं, पुन्हा वर नेलं. मी म्हटलं, "पुरे आता, पोटात कालवतंय." हे म्हणाले, "मला रोज कालवतं, पण लोकांसमोर सांगायचं नसतं." अख्ख्या नोकरीत त्यांनी ते मला सोडून कुणाला सांगितलं नाही.

पुढे बटणांची लिफ्ट आली. दारं आपली आपण उघडायची, आपली आपण मिटायची. लिफ्टमनचं काम उरलं नाही, पण नोकरी शिल्लक होती. मग लिफ्टशेजारी त्यांना एक स्टूल दिलं. दुसरा एखादा तिथे बसून डुलक्या काढत राहिला असता. हे उठून दाराला हात लावून उभे राहायचे. कुणी म्हातारं माणूस येत असलं, कुणी पोटुशी बाई, की दार मिटू द्यायचे नाहीत. "सावकाश या, लिफ्ट कुठे पळून जात नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बाईला दम लागलेला दिसला की स्टूलही तिचं. घरी आल्यावर पाय चेपत बसायचे. मी म्हणायचे, "दार आपोआप उघडतं ना, मग कशाला हात लावून उभं राहता?" म्हणायचे, "अगं, दाराला माणूस कळत नाही."

त्याच स्टुलावरून ते खाली पडले. सकाळी, ऐन गर्दीच्या वेळी. मी तिथे नव्हते. टायपिस्टबाईंनी नंतर सगळं सांगितलं. त्या ह्यांना भावासारखं मानायच्या, म्हणून काही लपवलं नाही. कुणी पाणी आणलं, कुणी फाइलने वारा घातला, कुणी फोन काढून चित्र घेतलं. छातीवर हात ठेवायला एक माणूस पुढे आला नाही. आणि एका इसमाने, ह्यांचे पाय मध्ये येत होते म्हणून, ते ओलांडून लिफ्टचं बटण दाबलं आणि विचारलं, "लिफ्ट बंद आहे का?"

टायपिस्टबाई रडत सांगत होत्या. मला रडू आलं नाही, किळस आली. अजूनही ते वाक्य आठवलं की तोंडाला पाणी सुटतं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

बऱ्याच वर्षांनी सगळ्या सरकारी इमारतींत ही यंत्रं, बंद पडलेल्या हृदयाला झटका देऊन चालू करणारी, बसवायचा हुकूम निघाला. मोठ्या साहेबांनी मला मुद्दाम बोलावलं. ह्यांचं स्टूल असायचं त्याच जागी, भिंतीवर पेटी लावलेली. साहेब बोलले, "लिफ्टमामा आमच्या कुटुंबातले होते." मी मनात म्हटलं, हो, म्हणूनच तर ओलांडून गेलात. पण पेटी मला आवडली होती. यंत्र दाखवायला आलेली मुलगी फार गोड होती. तिने रबरी बाहुला जमिनीवर झोपवला आणि सांगितलं, "यंत्र स्वतः बोलतं, आजी. पट्ट्या कुठे चिकटवायच्या, कधी हात लावायचा नाही, सगळं सांगतं. गरज नसेल तर झटका देतच नाही. तुम्हीसुद्धा करू शकाल." आणि पेटीचं दार उघडलं की भोंगा वाजतो, तो दार लावेपर्यंत थांबत नाही. "घाबरायचं नाही," ती म्हणाली, "लोकांना बोलवायलाच असतो तो."

घरी आल्यावर मी लेकीला म्हटलं, "यांच्या जागी आता बोलणारं माणूस बसवलंय." त्या रात्री मला चांगली झोप लागली.

आणि आता त्या जागी झुरळ आणि गुलाब.

मी वर गेले. मोठे साहेब बिस्किट चहात बुडवून खात होते. अर्धं बिस्किट कपात पडलं, ते त्यांनी बोटाने काढलं, बोट चाटलं आणि तोच हात पुढे करून मला म्हणाले, "या मामी, बसा. बघितलंत ना खाली? मामांचा मान राखला की नाही?"

"यंत्र कुठे आहे, साहेब?"

त्यांनी मान वळवली. कपाटाच्या माथ्यावर, जुन्या फायलींच्या मागे, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं होतं ते. पिशवीला वरून गाठ. "धूळ बसू नये म्हणून," साहेब म्हणाले. "महागाची वस्तू. खाली कुणी पळवली तर उत्तर मला द्यावं लागेल. फोटोला मात्र कुणी हात लावत नाही, दार उघडलं की भोंगा वाजतो ना." ते हसले. "मागे वरिष्ठ आले होते पाहणीला. त्यांना कल्पना फार आवडली."

"त्यांनी यंत्र कुठंय विचारलं नाही?"

"नाही ना! फोटोसमोर दोन मिनिटं उभे राहिले बिचारे."

"साहेब, फोटो काढा आणि ते आत ठेवा."

"अहो मामी, तुम्हीच असं म्हणायला लागलात तर कसं? लोक काय म्हणतील, मामांना काढलं म्हणून? बघू. पुढच्या आठवड्यात परत पाहणी आहे, ती होऊन जाऊ दे." मग आवाज मऊ करून म्हणाले, "चहा घेणार?"

त्या कपाच्या तळाशी बिस्किटाचा लगदा बसलेला मला दिसत होता. मी नको म्हटलं.

खाली आले, ती जिन्याने. लिफ्टमध्ये मी अजून चढत नाही. वॉचमन कुणाला तरी खिडकी दाखवत होता. मी सरळ पेटीपाशी गेले आणि दार उघडलं.

तो भोंगा काय वाजला! त्या मुलीने दाखवला तेव्हा मी तो क्षणभरच ऐकला होता. आता तो भिंतींवर आपटत चारी मजल्यांवर गेला. मी फोटो बाहेर काढला, छातीशी धरला आणि उघड्या दाराला खांदा लावून उभी राहिले. झुरळ माझ्या चपलेवर पडलं. माणसं जिन्याने धावत आली, वरच्या कठड्यावरून वाकून बघायला लागली. हे पडले त्या दिवशी यातली किती जागची हलली होती, देव जाणे.

"कोण पडलं? कोण पडलं?"

"कुणी नाही," मी म्हटलं.

"मामी, दार लावा, कान फुटतील," वॉचमन ओरडला आणि दाराला हात घालायला आला.

"मला ढकलणार आहेस का? ढकल. मी पडले तर तेवढं निमित्त होईल यंत्र खाली आणायला."

तो दोन पावलं मागे सरला. त्याला आई असणार माझ्या वयाची.

"पण हवंय काय तुम्हाला?" एक कारकून कानांवर हात ठेवून म्हणाला.

"वर साहेबांच्या कपाटावर पिशवीत बांधून ठेवलंय, ते. ते इथे आलं की मी दार लावते. तोवर वाजू दे. लोकांना बोलवायलाच आहे तो."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. बऱ्याच जणांना पेटीत फोटोशिवाय दुसरं काही असायचं हेच माहीत नसावं. तेवढ्यात एक जण गर्दीतून वाट काढत आला. हातात बॅग, कपाळाला आठी. माझ्या बाजूने हात घालून त्याने लिफ्टचं बटण दाबलं, दिवा लागायची वाट बघितली, मग माझ्याकडे वळून भोंग्यावर आवाज चढवून विचारलं, "लिफ्ट चालू आहे ना?"

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. वाईट माणूस नव्हता. घाईत होता, एवढंच. तेच जास्त ओंगळ वाटलं.

"चालू आहे," मी म्हटलं. "जा तुम्ही."

लिफ्ट आली तेव्हा आत मोठे साहेब होते, यंत्र पोटाशी धरून. तोंड लाल झालेलं. पिशवीची गाठ सुटेना, तेव्हा दाताने सोडवली. यंत्र आत सरकवलं, गुलाब काढून वॉचमनच्या हातात कोंबले. मी वाकून बघितलं. यंत्राच्या कोपऱ्यात एक बारीक हिरवा दिवा लुकलुकत होता. त्या मुलीने सांगितलं होतं, हिरवा असला की ठीक आहे. मी दार लावलं. भोंगा थांबला तशी सगळी कचेरी एकदम मोकळी झाली आणि पांगली.

"आता हा फोटो कुठे लावायचा?" साहेबांनी विचारलं.

"घरी भिंत आहे आमच्याकडे."

घरी लेकीने चौकट उघडली, काच आतून पुसायला. फोटो कचेरीतल्या कुणाच्या तरी निरोप समारंभाच्या दिवशी काढलेल्या मोठ्या चित्रातून कापून घेतलेला होता. हे एकटेच दिसावेत म्हणून भोवतालची माणसं कापून टाकलेली. पण उजवीकडे दिसणारा हात पुरता कापता आला नव्हता. तो लांब झालेला, बोटं पसरलेली, थेट कागदाच्या कडेपर्यंत.

"बाबा कुणाला हात करतायत?" लेकीने विचारलं.

"हात नाही करत," मी म्हटलं. "दार धरलंय."

तिने काच पुसली, चौकट बंद केली. खिळा ठोकताना मी तिला सांगितलं, थोडा डावीकडे घे, उजव्या बाजूला जागा राहू दे.